बदकांचा दुभाष्या

समुद्राच्या तळाचा सिनेमा बघायला दुभाष्याला बरोबर नेऊ नये, हे त्याच्या ओळखीतल्या प्रत्येकाला एकेकदा तिकीट फुकट गेल्यावर कळलेलं होतं. पडद्यावर हिरो काळ्याकुट्ट पाण्यात उतरतोय, हेल्मेटच्या आत छानसा पिवळा दिवा, त्या उजेडात डोळे, नाक, बेतशीर दाढी सगळं झळकतंय, आणि शेजारच्या खुर्चीतून दुभाष्या अगदी शांतपणे म्हणणार, "स्वतःच्याच तोंडावर बॅटरी मारून ह्याला अंधारात काय डोंबल दिसणार?" हिरोईन दोनशे मीटरवरून सुळकन वर येणार, बोटीवर चढून प्रियकराच्या गळ्यात पडणार. "मेली," दुभाष्या म्हणणार. "आठवडाभर लोखंडी पेटीत बसायला हवं होतं. एव्हाना रक्ताला सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला असेल."

पुढच्या रांगेतला कुणीतरी वळून बघायचा. वहिनी कोपराने ढोसायच्या. "भावोजी, तिला मिठी तरी पुरी मारू द्या."

दुभाष्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तरुणपणी तो पाणबुड्यांच्या, म्हणजे खोल बुडी मारून काम करणाऱ्या गड्यांच्या, जहाजावर होता. स्वतः पाण्यात मात्र कधी उतरला नाही. त्याला पोहताच येत नव्हतं, आणि ही गोष्ट तो अजूनही कुणाला सांगत नाही, म्हणून इथे सांगून टाकलेली बरी. त्याची जागा वर, एका अरुंद खोलीत, कानाला हेडफोन लावून. खाली समुद्राच्या तळाशी तेलाचे नळ जोडणारे पाणबुडे जे बोलतील ते ऐकायचं आणि त्यांना हवं ते पाठवायचं: गॅस, उजेड, गरम पाणी.

ऐकायचं म्हणजे काय, तेही समजून घ्यायला हवं. इतक्या खोल साधी हवा हुंगली तर माणसाला दारू प्याल्यासारखी चढते, म्हणून पाणबुड्यांना हेलियम मिसळलेला गॅस देतात. हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकाचा होतो. सहा फुटी दणकट गडी, दंडावर गोंदलेलं, आणि बोलायला लागला की डबक्यातलं पिल्लू. तो आवाज सरळ करून देणारं एक मशीन खोलीत असायचं, पण दुभाष्या ते बंद करून ठेवी. "ते नाकात बोलतं," म्हणे. त्याला मशीन लागायचंच नाही. कुठल्याही बदकाचं कुठलंही बोलणं तो पहिल्या फटक्यात समजून घ्यायचा, आणि ह्या गोष्टीचा त्याला जो माज होता, तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही. जहाजभर त्याचं नाव पडलं बदकांचा दुभाष्या. पुढे बदकं गेली, दुभाष्या राहिला.

त्या बदकांतलं एक बदक म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. दादा.

दादा पाणबुड्या, धाकटा त्याचा कान, असा तो जोडा. लाइनवर बोलायचे शब्द ठरलेले होते, जहाजाच्या भाषेतले, एकमेकांशी गल्लत होणार नाही असे निवडून काढलेले. आणि एक नियम होता, भिंतीवर लाल अक्षरात रंगवलेला: ऐकलेला शब्द जसाच्या तसा परत म्हणायचा, खालचा माणूस "हो" म्हणाला की मगच हात हलवायचा. हे दोघे काय करायचे, घरच्या भाषेत बोलायचे. दीडशे मीटर खाली, गुडघाभर चिखलात, कुणाला परक्या भाषेत कण्हावंसं वाटतं? परत म्हणण्याचं म्हणाल तर सख्ख्या भावाचं बोलणं काय परत म्हणायचं. धाकटा नुसता "बरं" म्हणायचा.

गंमत म्हणजे हाच नियम दादाने घरी कडक लावला होता. सुट्टीवर आला की मोरीतून ओरडायचा, तोंडभर साबण, "टॉवेल." वहिनींनी स्वयंपाकघरातून म्हणायचं, "टॉवेल." मग तो "हो," मग टॉवेल. दात घासताना बोलायचा, गोधडीतून बोलायचा, तोंडात खिळे धरून भिंत ठोकताना बोलायचा, वहिनी बरोबर परत म्हणायच्या. "ह्यांचं बोलणं म्हणजे तोंडात गोटी," त्या सांगत, पण त्यांना ते कळलं नाही असं कधी झालं नाही. वहिनींचे कान तिखट. जिन्याच्या कुठल्या पायरीवर कोण आहे हे चहा गाळता गाळता सांगतील.

आता ती गोष्ट, जी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

पाणबुड्याच्या पोशाखात वरून गरम पाणी सोडतात, एका लांबलचक नळीने. तिला नाळच म्हणतात, आणि योग्यच म्हणतात. हेलियम अंगातली ऊब चोरतो, त्यामुळे ते पाणी थांबलं तर खालचा माणूस काही मिनिटांत आखडतो. त्या दिवशी दादा काम करता करता म्हणाला, "पाणी फार." म्हणजे फार गरम. धाकटा म्हणाला, "बरं," आणि बॉयलरवाल्याला पाणी कमी करायला सांगितलं. थोड्या वेळाने दादा पुन्हा म्हणाला, जरा चिडून, "पाणी फार." धाकट्याने आणखी कमी केलं. मग दादा काही म्हणालाच नाही. घंटेत, म्हणजे पाणबुड्यांना खाली नेतात त्या लोखंडी गोळ्यात, त्याचा जोडीदार बसला होता. त्याने नाळ ओढून दादाला आत घेतलं, तोवर बारा मिनिटं झाली होती.

संध्याकाळी नाळ डेकवर पसरली, तेव्हा मधोमध ती वीतभर फाटलेली दिसली. धाकटा तिच्यापाशी उकिडवा बसला. नाळ मध्येच फाटलेली असेल तर वरून कढत सोडलेलं पाणीसुद्धा खाली थंडगारच पोचणार. ते फार गरम असूच शकत नव्हतं. दादा "पाणी फार" म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता "पाणी गार."

चौकशीला तीन साहेब आले. तिघांनाही घरची भाषा येत नव्हती. टेप लावली, बदक दोनदा बोललं, साहेबांनी विचारलं, काय म्हणाला? आता ते सांगू शकणारा जगात एकच माणूस. साक्षीदार तोच, दुभाष्याही तोच. तो म्हणाला, "पाणी फार." हे खोटं नव्हतं बरं का. त्याने तेच ऐकलं होतं. साहेबांनी विचारलं, आणि हा तुमचा आवाज, तुम्ही काय म्हणालात? टेपवर स्वच्छ "बरं" होतं. तो म्हणाला, "नियमाप्रमाणे परत म्हटलं." हे खोटं होतं. आयुष्यातलं एकच, त्या एका शब्दाबद्दलचं. साहेबांनी लिहिलं की पाणबुड्याच्या मागणीनुसार पाणी कमी केलं, नाळ नंतर वर ओढताना फाटली. सह्या झाल्या.

वहिनींनी हे कसं घेतलं, तर पटकन घेतलं. दादाला गरम पाणी कधी सोसलंच नव्हतं. आंघोळीच्या बादलीत तीन तांबे थंड ओतल्याशिवाय अंगावर घ्यायचा नाही. "म्हणाले असतील," वहिनी म्हणाल्या. मग बावीस वर्षं त्या अधूनमधून भाजी चिरताना मध्येच सुरी थांबवून म्हणायच्या, "एवढं काय नाजूक अंग मेलं. सोसायचं जरा. स्वतःच्या हट्टाने गेला माणूस." समोर दुभाष्या चहाचा कप धरून बसलेला असायचा. कप तो बशीत ठेवायचाही नाही, आवाज होईल म्हणून.

जहाज त्याने सोडलं. लग्न केलं नाही. खाली वहिनी, वर तो, जेवण एकत्र. गल्लीने त्या दोघांचं लग्न दोनदा लावलं आणि कंटाळून दोनदा मोडलं. पोटापाण्याला त्याने श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी धरली. काचेच्या खोलीत गिऱ्हाईक बसवायचं, बाहेरून माइकवर एकेक शब्द वाचायचा, गिऱ्हाइकाने तो परत म्हणायचा. मालकाने छापून घेतलेल्या तक्त्यावर एक ओळ होती: चार, दार, फार, गार, वार. ती ओळ दुभाष्या गाळायचा. मालकाला वाटायचं, म्हाताऱ्याला घरी जायची घाई.

ह्याच दुकानात एक दिवस एक बाई आपल्या वडिलांना घेऊन आल्या. वय बत्तीस-तेहतीस, केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली, आणि वडिलांना शब्द ऐकू येत नव्हते तिथे ह्याच बाहेरून खाणाखुणा करत होत्या. दुभाष्याने बाईंना काचेकडे पाठ करून बसवलं. बोलता बोलता कळलं की बाई सिनेमा काढतायत, समुद्राच्या तळाचा. पुढच्या शतकातली गोष्ट, तळाशी माणसांची वस्ती.

"हेल्मेटमध्ये दिवा आहे?" दुभाष्याने विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "का?"

तासाभराने मालकाने दिवे बंद करायला सुरुवात केली, तरी दोघे बोलतच होते. वडील यंत्र कानातून काढून शांत बसले होते.

"मला सगळं खरं हवंय," बाई म्हणाल्या. त्यांना ते खरोखरच हवं होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तर दुभाष्या झाला वैज्ञानिक सल्लागार. वहिनींनी त्याचा एकुलता कोट इस्त्रीला दिला. सेटवर त्याने पहिल्याच आठवड्यात पिवळा दिवा काढायला लावला, आणि हिरोने दोन दिवस अबोला धरला. "माझा चेहराच दिसणार नसेल तर माझ्या ड्रायव्हरला उभं करा," म्हणाला. ड्रायव्हर दिसायला बरा होता, म्हणून हिरो लवकर परत आला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, त्यात दुभाष्याने भुसा सोडायला लावला. वर आलेल्या माणसांना सहा दिवस पेटीत कोंबलं. बाईंनी त्या सहा दिवसांत गोष्टीतलं भांडण बसवलं आणि भांडण झकास जमलं.

मग आला मरणाचा सीन. हिरोच्या मित्राचा. नाळ फाटते, ऊब जाते. कागदावर मित्राला अकरा ओळी होत्या. त्यात आई होती, आकाश होतं, एक अर्धवट राहिलेलं गाणं होतं.

"थंडीने मरणारा माणूस एवढं बोलत नाही," दुभाष्या म्हणाला. "जबडा आखडतो."

"मग किती बोलतो?"

"दोन शब्द. दोनदा."

"कुठले?"

दुभाष्याने बाईंच्या केसातल्या पेन्सिलीकडे बघितलं. "पाणी गार," तो म्हणाला.

बाईंनी अकरा ओळींवर काट मारली. "आणि आवाज?"

"आवाज बदकाचा."

निर्मात्याने डोक्याला हात लावला. पण बाई हट्टाला पेटल्या होत्या. एक डॉक्टर उभा करून मित्राचं काम करणाऱ्या नटाला हेलियमचा गॅस हुंगायला दिला, बोलणं टिपलं, आणि पुढचे तीन दिवस दुभाष्या आवाजवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत बसला. "अजून चपटा," तो म्हणायचा. "एवढा नाही. मागे श्वासाची घरघर घाल. आता खालून पंपाचा आवाज." आवाजवाला बटणं फिरवत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी दुभाष्याच्या हातावरचे केस उभे राहिले.

"थांब," तो म्हणाला. "हाच."

आवाजवाल्याने पुन्हा लावलं. दुभाष्याने शब्द स्वतः सांगितलेले, स्वतः लिहून दिलेले, तरी त्याच्या कानांनी ऐकलं: पाणी फार.

"तुला काय ऐकू आलं?"

आवाजवाला म्हणाला, "कागदावर गार आहे काका, पण येतंय ते फारच."

मग दुभाष्याने दारावरच्या पहारेकऱ्याला आत बोलावलं. तो म्हणाला, "राणी मार." मेकअपवाली म्हणाली, "काहीतरी फार आहे." चहावाल्याने कान देऊन दोनदा ऐकलं आणि विचारलं, "बदक कुणी पाळलंय?" एकालाही "गार" ऐकू आलं नाही. दुभाष्याने चहावाल्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. त्या दिवशी तो घरी चालत आला, वाटभर शीळ घालत. वहिनींनी खिडकीतून विचारलं, "भावोजी, पगार वाढला की काय?"

त्याच्या मनात काय शिजत होतं ते अगदी सरळ होतं. बावीस वर्षं त्याला वहिनींना सांगायचं होतं, आणि सांगताना त्यांना समजावं कसं हे कळत नव्हतं. हेलियममधला आवाज न ऐकलेल्या माणसाला कसं पटवणार की गारचं फार होतं? आता पटवायची गरज नव्हती. वहिनी सिनेमा बघतील. त्या स्वतःच्या तिखट कानांनी "पाणी फार" ऐकतील. मग तो म्हणेल, वहिनी, तो म्हणाला होता गार. मीही असंच ऐकलं होतं. आणि वहिनी म्हणतील, कुणालाही असंच ऐकू आलं असतं. एवढंच त्याला हवं होतं. माफी नव्हे, नुसतं हे एक वाक्य.

सिनेमा लावायच्या आधी बाईंनी एका दुपारी शे-दीडशे अनोळखी माणसं बोलावून तो दाखवला. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद, काय आवडलं, काय नाही, खुणा करा. दुभाष्या इस्त्रीचा कोट घालून, वहिनींना घेऊन मधल्या रांगेत. दिवा नसलेलं हेल्मेट आलं, भुसा आला, पेटीतलं भांडण आलं. दुभाष्या सबंध वेळ गप्प बसला, म्हणून वहिनींनी दोनदा त्याच्याकडे वळून बघितलं.

पहिलं बदक बोललं तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. लोकांना वाटलं, विनोदी जागा आहे. दुसऱ्यांदा निम्मं थिएटर हसलं. मरणाच्या सीनपर्यंत माणसं हसायच्या तयारीतच बसली होती. नाळ फाटली. मित्राने मान वर केली, आणि म्हणाला ते दोन शब्द. एक जाडजूड बाई डोळे पुसत हसल्या. पुन्हा म्हणाला. एका गृहस्थाने बदकाची नक्कल केली आणि आजूबाजूचे टाळ्या देऊ लागले. पडद्यावर माणूस आखडत होता, आणि शे-दीडशे माणसं पोट धरून बसली होती. दिग्दर्शक बाई भिंतीशी उभ्या होत्या, पेन्सिल हातात. त्यांनी ती मोडली नाही, काही नाही, फक्त खिशात ठेवली.

दुभाष्याचं लोकांकडे लक्ष नव्हतं. तो वहिनींकडे बघत होता. त्या हसत नव्हत्या.

बाहेर बस थांब्यावर बाकडं होतं. दोघे बसले.

"लोक कशाला हसत होते?" वहिनींनी विचारलं.

"आवाजाला."

"त्यात काय हसायचं. माणूस मरतोय."

"वहिनी," दुभाष्या म्हणाला, "तो शेवटी काय म्हणाला, कळलं तुम्हाला?"

"पाणी गार."

एक बस येऊन गेली. ती त्यांचीच होती.

"नीट आठवून सांगा," तो म्हणाला.

"त्यात आठवायचं काय? पाणी गार म्हणाला, दोनदा म्हणाला. स्पष्ट होतं. तोंडात गोटी धरल्यासारखं, ह्यांच्यासारखं." आणि हे म्हणता म्हणता वहिनी थांबल्या. भाजी चिरताना थांबायच्या तशाच, पण ह्या वेळी पुढे नेहमीचं वाक्य आलं नाही. हातातली पिशवी त्यांनी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"हे शब्द त्या बाईंनी घातले?"

"नाही. मी दिले."

"मग फार कुणी घातलं?"

दुभाष्याला वाटलं होतं की ह्या जागी तो बोलेल. सगळी वाक्यं बावीस वर्षांपासून तयार होती.

वहिनींनी समोरच्या रस्त्याकडे बघत विचारलं, "परत म्हटलं होतं का तुम्ही? ते मला परत म्हणायला लावायचे तसं?"

"नाही."

"काय म्हणालात मग?"

"बरं."

वहिनींनी मान हलवली, एखादा निरोप पोचला अशी. पुढची बस आली. त्या चढल्या आणि पुढच्या बाजूला एकट्याच्या सीटवर बसल्या.

सिनेमा तीन महिन्यांनी लागला. बाई निर्मात्याशी भांडल्या, आणि बहुतेक सगळं हरल्या. कागदांवरच्या खुणांपुढे त्यांचं काय चालणार. मित्राला घुमणारा, भारदस्त आवाज दिला. अकरा ओळी परत आल्या, आईसकट, आकाशासकट. हेल्मेटमध्ये पिवळा दिवा लागला आणि हिरोने मुलाखतीत सांगितलं की आपण विज्ञानाशी तडजोड केली नाही. थिएटरात त्या सीनला बायाबापड्या हमसून रडतात म्हणे. पाट्यांमध्ये वैज्ञानिक सल्लागार म्हणून दुभाष्याचं नाव आहे, पण त्या पाट्या येतात तेव्हा लोक चपला शोधत असतात.

घर तसंच आहे. खाली वहिनी, वर तो. त्या भांडल्या नाहीत, रडल्या असतील तर त्याच्या कानावर आलं नाही, आणि त्याच्या कानांचा भरवसा तो स्वतःही आता धरत नाही. हट्टाचं ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. दादाच्या फोटोची जागा तेवढी बदलली. पूर्वी तो जेवणाच्या टेबलासमोर होता, आता त्यांच्या खोलीत आहे. भावोजी ही हाक गेली. तिच्या जागी काहीच आलं नाही.

बोलायचं असलं की त्या जिन्याखाली येऊन उभ्या राहतात. एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणतात, आणि तिथेच थांबतात. पहिल्या दिवशी दुभाष्याला कळलं नाही. तो नेहमीसारखा "बरं" म्हणाला. वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी तेच शब्द पुन्हा म्हटले, आणि वर बघत उभ्या राहिल्या. तेव्हा त्याला कळलं.

आता रोज सकाळी खालून आवाज येतो.

"पाणी तापलंय."

दुभाष्या कठड्याला धरून उभा राहतो.

"पाणी तापलंय," तो म्हणतो.

"हो," वहिनी म्हणतात, आणि मगच वळतात.